जुन्या घरातली दोन बाथरूम : पाणी, वीज आणि ॲसिड कमी करायचंय, सुरुवात कुठून करावी?

फुलेवाडी_परसबाग

नमस्कार मंडळी. घर कोल्हापुरात फुलेवाडीत, तळमजला आणि वर एक मजला. बांधकाम साधारण पंचवीस वर्षांपूर्वीचं. माणसं पाच. खालच्या बाथरूमला इंडियन भांडं आणि शहाबादी फरशी, वर कमोड आणि सिरॅमिक टाइल. दोन्हीकडे फ्लशच्या टाक्या १० लिटरच्या, जुन्याच. वरच्या स्लॅबवर साडेतीन फुटी लोखंडी स्टँड आणि त्यावर १००० लिटरची टाकी. पाणी महापालिकेचं, एप्रिल-मे मध्ये अधूनमधून बोअरचं. वर १५ लिटरचा गिझर, खाली अंगणात तांब्याचा बंब. ड्रेनेज गल्लीतल्या लाईनला जोडलेलं आहे. परसात १० बाय ८ फूट जागा मोकळी आहे, माती काळी.

विचारायचं असं : नळांना कमी पाण्याच्या जाळ्या आणि तसाच शॉवर बसवला तर किती फरक पडेल? फ्लशच्या टाक्या बदलाव्यात का? पाणी तापवायला सोलर घ्यावा का? आंघोळीचं पाणी केळी-अळूला सोडता येईल का? आणि फरशीला दर आठवड्याला ॲसिड ओततात, त्याला पर्याय काय? मोठी फोडाफोड नको आहे, पण जिथं खरंच गरज असेल तिथं तयारी आहे.

---

पाना_पक्कड

दादा, काही विकत आणायच्या आधी बादली आणि घड्याळ घ्या. मापाची १५ लिटरची बादली नळाखाली ठेवा, नळ पूर्ण सोडा, भरायला किती सेकंद लागतात ते बघा. ९० सेकंद लागले तर नळ मिनिटाला १० लिटर देतोय. दोन्ही बाथरूमचे सगळे नळ आणि शॉवर असे मोजून कागदावर लिहा.

हे आधी सांगायचं कारण म्हणजे प्रेशर. आपल्याकडं बहुतेक घरांत पाणी वरच्या टाकीतून नुसत्या उतारानं येतं. १० मीटर उंचीला १ बार, हा हिशोब. तुमच्या वरच्या बाथरूमच्या नळापासून टाकीचा तळ फार तर सव्वातीन मीटर वर असेल, म्हणजे ०.३ बार. शॉवर डोक्याच्या वर, तिथं ०.२ बारच. बाजारात मिळणाऱ्या कमी पाण्याच्या जाळ्या आणि शॉवर बहुतेक १ ते ३ बार धरून बनवलेले असतात. ते वरच्या मजल्यावर लावले की धार बोटाएवढी होते, लोक वैतागून जाळीच काढून टाकतात आणि पुन्हा पहिल्यासारखं. तेव्हा वरच्या बाथरूमला जाळी फक्त बेसिनच्या नळाला लावा, तीही साधी, फेस करणारी. बादली भरायच्या नळाला जाळी लावून काहीच वाचत नाही. बादली ती बादलीच, भरायला वेळ मात्र जास्त लागतो.

खालच्या बाथरूमला ०.६ बारच्या आसपास मिळेल, तिथं बेसिनच्या नळाला मिनिटाला ३ ते ५ लिटरची जाळी बरी चालते. घेताना नळाचं तोंड बघा. आटे आतून असतील तर २४ मिलिमीटरची, बाहेरून असतील तर २२ ची लागते. जुन्या बिब कॉकला, म्हणजे भिंतीतल्या साध्या नळाला, आटेच नसतात, त्याच्या मागं लागू नका. बोअरचं पाणी आलं की जाळीत पांढरा क्षार बसतो. महिन्यातून एकदा काढून, दात घासायच्या जुन्या ब्रशनं घासून परत बसवायची.

शॉवरचं स्पष्ट सांगतो. बादलीनं आंघोळ करणारा माणूस २० ते ३० लिटरात आटपतो. मिनिटाला ८ लिटरचा चांगला शॉवर घेऊन ५ मिनिटं उभं राहिलं तरी ४० लिटर जातात. बादली आहे तशी चालू ठेवा, त्यापेक्षा मोठी बचत कुठला शॉवर देणार नाही.

खरं पाणी फ्लशमध्ये जातं. पाच माणसांनी दिवसात पाच-पाच वेळा फ्लश ओढला तर २५ वेळा गुणिले १०, म्हणजे २५० लिटर. तुमच्या टाकीचा चौथा हिस्सा. ३ आणि ६ लिटरची दोन बटणांची टाकी बसवली आणि पाचपैकी चार वेळा छोटं बटण दाबलं, तर तेच काम ९० लिटरात होतं. दिवसाला १६० लिटर वाचले.

पण नुसती टाकी बदलून भागत नाही. जुन्या कमोडचं भांडं १० लिटरच्या लोटासाठी घडवलेलं असतं. त्याला ६ लिटर दिले की घाण पूर्ण जात नाही, माणूस दोनदा ओढतो, १२ लिटर गेले. वरच्या बाथरूमला बदलायचं असेल तर भांडं आणि टाकी जोडीनंच बदला. त्याआधी पाईपचा उतार बघा. ४ इंची पाईपला ४० ते ६० फुटाला १ फूट उतार हवा. लाईन लांब आणि सपाट असेल तर कमी पाण्यानं मैला मधेच बसतो आणि दोन-तीन महिन्यांत तुंबतं. घेताना पी-ट्रॅप (मागं भिंतीकडं जाणारा) की एस-ट्रॅप (खाली जमिनीत जाणारा), आणि एस-ट्रॅप असेल तर भिंतीपासून भोकाच्या मध्यापर्यंतचं अंतर मोजून न्या. ते चुकलं की फोडाफोड आलीच.

भांडं बदलायचं नसेल तर १ लिटरची बाटली पाण्यानं भरून, झाकण घट्ट लावून टाकीत उभी ठेवा, फ्लोटला आणि फ्लश वॉल्व्हला लागणार नाही अशी. १० चे ९ होतील, तेवढ्यानं जुनं भांडंही कुरकुरत नाही. वीट टाकू नका. ती विरघळत राहते आणि तिची वाळू वॉशरखाली जाते. खालच्या इंडियन भांड्याला लघवीनंतर दोन मग पाणी पुरतं, तिथं नुसती सवय लावा.

आणि आज रात्रीच करायचं काम : दोन्ही टाक्यांत कपड्याची नीळ १०-१५ थेंब टाका, अर्धा तास कुणी फ्लश ओढायचा नाही. भांड्यात निळं उतरलं तर टाकी आतल्या आत गळतेय. ही गळती आवाज करत नाही, म्हणून वर्षानुवर्षं कळत नाही. नळाचं ठिबकणं निदान दिसतं. सेकंदाला एक थेंब धरला तरी दिवसाला १७ ते २० लिटर होतात.

---

ऊन_आणि_पाणी

वरचं सगळं बरोबर. मी गरम पाण्यापुरतं लिहिते.

१ लिटर पाणी १ अंशानं तापवायला १ किलोकॅलरी, आणि विजेचं १ युनिट म्हणजे ८६० किलोकॅलरी. २० लिटरची बादली २५ अंशांवरून ४० वर न्यायला ३०० किलोकॅलरी लागतात, म्हणजे साधारण ०.३५ युनिट. तुमचा १५ लिटरचा गिझर २५ वरून ६० वर जायला ०.६ युनिट घेतो आणि २ किलोवॅटचं कॉइल असेल तर त्याला १८-२० मिनिटं पुरतात. त्या पाण्यात गार मिसळून ४० अंशांचं ३३-३५ लिटर होतं, म्हणजे दोघांच्या आंघोळी. तेव्हा दोघांनी लागोपाठ आंघोळ उरकायची आणि बटण बंद करायचं. दिवसभर चालू ठेवलेला गिझर स्वतःच्या अंगातून निसटणारी उष्णता पुन्हापुन्हा भरत बसतो.

पाच माणसांना सोलर १५० लिटरचा लागेल. काचेच्या नळ्यांचा, ५८ मिलिमीटर जाडीच्या १५ नळ्या. बोअरचं पाणी मधूनमधून येतं म्हणून तांब्याच्या पत्र्याच्या पॅनेलपेक्षा नळ्यांचा बरा. पॅनेलमधल्या अर्ध्या इंची तांब्याच्या नळ्या क्षारानं बंद होतात, तर काचेच्या नळ्यांत क्षार तळाशी बसतो आणि वर्षातून एकदा काढून धुता येतो. तोंड दक्षिणेला हवं. कोल्हापूरचा अक्षांश १६.७, हिवाळ्याचं ऊन मिळावं म्हणून त्यात १० ते १५ मिळवा. म्हणजे २७ ते ३२ अंश तिरकं.

तुमची अडचण मात्र स्टँडमध्ये आहे. सोलरमध्ये गार पाणी आपोआप उतरतं, म्हणून गार पाण्याच्या टाकीचा तळ सोलरच्या टाकीच्या माथ्यापेक्षा वर असावा लागतो. साडेतीन फुटांचा स्टँड पुरणार नाही, ७ फूट तरी करावा लागेल. नाहीतर काय होतं, तर टाकी अर्ध्यावर आली की सोलर पूर्ण भरत नाही, वरच्या बाजूला नळ्या कोरड्या तापतात आणि दुपारी पंप लावल्यावर गार पाणी त्यांच्यावर पडलं की काच तडकते. विक्रेते हे मुद्दाम सांगत नाहीत, कारण स्टँड वाढवायचा खर्च ऐकून गिऱ्हाईक परत जातं. स्टँड करताना त्याचे पाय स्लॅबच्या मध्यावर नकोत, खाली कॉलम-बीम आहे तिथंच यावेत. १००० लिटर म्हणजे नुसतं पाण्याचंच १ टन वजन आहे. उंची वाढली की आणखी एक फायदा : साडेतीन फूट म्हणजे ०.१ बार प्रेशर वरच्या बाथरूमला वाढतं. पाना_पक्कड दादांनी जो शॉवरचा प्रश्न मांडला तो थोडा हलका होतो.

सोलरच्या टाकीचा हवेचा पाईप गार टाकीच्या ओव्हरफ्लोच्या वर न्यायचा, आणि त्याच्या तोंडाला कधीही बूच मारायचं नाही.

पाईपात साचलेल्या गार पाण्याचा विचार करा. पाऊण इंची सीपीव्हीसी (गरम पाण्याच्या प्लॅस्टिक) पाईपात मीटरला पाव लिटर पाणी मावतं. सोलरपासून खालच्या बाथरूमपर्यंत १५ मीटर लाईन झाली तर गरम येण्याआधी ४ लिटर गार वाहून जातं. ते नेहमी बादलीतच घ्यायचं, सांडायचं नाही. गरम लाईनवर काळी फोमची नळी चढवा. भिंतीबाहेरून नेली असेल तर त्यावर ऊन लागू नये म्हणून टेप गुंडाळा, नाहीतर दोन उन्हाळ्यांत फोमचा भुगा होतो.

मिक्सर बसवणार असाल तर गरम आणि गार लाईनला एक-एक एनआरव्ही, म्हणजे पाणी एकाच दिशेनं जाऊ देणारा वॉल्व्ह, हवा. हँडशॉवर बंद ठेवून मिक्सरच्या दोन्ही मुठी उघड्या राहिल्या की गार पाणी गरम लाईनीत घुसतं आणि सगळ्या घराला कोमट येतं. मग सोलर खराब म्हणून तक्रार. एनआरव्ही झडपेचा घ्या. स्प्रिंगचा एवढ्या कमी प्रेशरला नीट उघडत नाही.

जुलै-ऑगस्टमध्ये आपल्याकडं सूर्य दिसत नाही, तेव्हा सोलर असला तरी गिझर ठेवावाच लागतो. गिझरला जाणारं पाणी सोलरमधून दिलं तर तो आधीच कोमट पाणी तापवतो, तेवढी वीज वाचते. फक्त त्याआधी गिझर ६०-७० अंशांचं पाणी आत घेऊ शकतो का ते कंपनीच्या पत्रकात बघून घ्या.

बंबाबद्दल : चिपाडं, करवंट्या, नारळाच्या झावळ्या असं घरचं सुकं जळण असेल तर अधूनमधून पेटवायला हरकत नाही. पण ओलं लाकूड, दुधाच्या पिशव्या, जुन्या चपला त्यात घालू नका. प्लॅस्टिकचा धूर शेजारच्यांच्या फुप्फुसात जातो. गॅस गिझर सुचवणारे भेटतील. तो बंद बाथरूमच्या आत कधीच नाही, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. लावायचाच तर बाहेर उघड्यावर.

---

काळी_माती

आंघोळीच्या पाण्याचं मी सांगतो. काळ्या मातीत शोषखड्डा करण्याआधी एक चाचणी करा. १ फूट लांब, १ फूट रुंद, दीड फूट खोल खड्डा घ्या, पाण्यानं भरा, रात्रभर मुरू द्या. सकाळी तळापासून ६ इंच पाणी भरा आणि ते १ इंच खाली जायला किती वेळ लागतो ते बघा. तासाच्या आत उतरलं तर पुढं जा. त्याहून जास्त लागला तर शोषखड्ड्याचा नाद सोडा. ही चाचणी मे मध्ये करू नका. काळी माती तेव्हा भेगाळलेली असते, पाणी भेगांतून पळतं आणि खोटा आकडा मिळतो. ऑक्टोबर-नोव्हेंबर चांगला.

तुमची जागा ८० चौरस फूट, म्हणजे साडेसात चौरस मीटर. काळ्या मातीत चौरस मीटरला दिवसाला १० लिटर धरा, म्हणजे ७०-७५ लिटर. पाच जणांच्या आंघोळीचं पाणी १२५ लिटरच्या घरात जाईल. तेव्हा दोन्ही बाथरूमचं पाणी तिथं नेऊ नका, फक्त खालच्या मोरीचं न्या. वरचं ड्रेनेजला जाऊ दे.

खालच्या मोरीच्या नहाणी ट्रॅपनंतर (मोरीच्या भोकाखालचा, वास अडवणारा सांधा) १ बाय १ बाय १ फुटाचं चेंबर बांधा. आत जाळी लावा आणि बाहेर जाणाऱ्या पाईपला टी (तीन तोंडांचा सांधा) खाली तोंड करून जोडा, म्हणजे वर तरंगणारा साबणाचा साका आणि केस मागं राहतात. या चेंबरमधून दोन वाटा काढायच्या, एक परसाकडं, एक जुन्या ड्रेनेजकडं, आणि दोन्हींवर बॉल वॉल्व्ह. ही दुसरी वाट ठेवलीच पाहिजे. कोल्हापुरात वर्षाला १००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस, आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. तेव्हा माती आधीच तुडुंब असते, पाणी वर उभं राहतं, वास सुटतो, डास होतात. जूनच्या पहिल्या पावसाला परसाची वाट बंद, ऑक्टोबरमध्ये सुरू.

परसाकडं ३ इंची पाईप, मीटरला २ सेंटिमीटर उतार. जोतं दीड-दोन फूट उंच असेल तर ५-६ मीटर अंतर आरामात जमतं. खड्डा पसरट आणि २ फूट खोल घ्या. तळाला अर्धा फूट खडी, वर उसाचं पाचट दाबून भरा, भोवती केळी, कर्दळ, अळू. पाईपचं तोंड पाचटाखाली यावं, पाणी उघड्यावर दिसता कामा नये. पाचट बसत जातं, दर तीन-चार महिन्यांनी नवीन टाका. त्या पाण्यावरच्या केळी खायला चालतात, फळ वर असतं. पण कोथिंबीर, मेथी, मुळा, जे कच्चं खातो किंवा जमिनीला टेकतं, ते नको.

कपडे धुण्याचं पाणी यात सोडू नका. पावडरमधला सोडियम काळ्या मातीचे कण सुटे करतो, माती चिखलासारखी बसते, वाळली की दगड होते आणि पाणी मुरणं बंद. शिरोळकडची क्षारपड रानं ज्यांनी बघितली आहेत त्यांना हे वेगळं सांगायला नको. आंघोळीच्या साबणातही सोडियम असतो, पण थोडा, आणि पावसाळ्यात वाट बंद असताना पाऊस तो धुऊन नेतो. बाळाचे लंगोट धुतलेलं पाणीही नको. आणि हे पाणी पिंपात साठवायचं नाही. २४ तासांत ते कुजायला लागतं.

---

फुलेवाडी_परसबाग

सगळ्यांचे मनापासून आभार. नीळ टाकली : खालची टाकी ठीक, वरच्या कमोडमध्ये वीस मिनिटांत निळं उतरलं. वॉशर बदलून भागेल का अख्खा वॉल्व्ह? आणि ॲसिडचं राहिलं.

---

पाना_पक्कड

आधी वॉशर. अँगल कॉक (टाकीला पाणी देणारा भिंतीवरचा छोटा नळ) बंद करा, फ्लश ओढून टाकी रिकामी करा, वॉल्व्ह पाव वळसा डावीकडं फिरवला की बहुतेक कंपन्यांचा वर येतो. खालचं रबर कडक झालं असेल किंवा नखानं दाबल्यावर काळं बोटाला लागत असेल तर ते संपलं. नवीन सिलिकॉनचं घ्या आणि जुनं दुकानात सोबत न्या, अंदाजानं आणू नका. नवीन बसवण्याआधी ज्या कडेवर ते बसतं त्या कडेवरून बोट फिरवा. खरखरीत लागलं तर क्षार आहे. तो न काढता नवीन वॉशर लावला तर आठवड्यात पुन्हा गळेल, आणि लोक इथंच चुकतात. चाकूनं खरवडू नका, लिंबूसत्त्वाच्या (सायट्रिक ॲसिड) पाण्याचा बोळा १५ मिनिटं ठेवून ब्रशनं घासा.

नंतर फ्लोट असा लावा की पाणी ओव्हरफ्लोच्या तोंडाच्या १ इंच खाली थांबेल. पुन्हा नीळ टाकून बघा. तरीही उतरलं तर वॉल्व्हचा तळच वाकला आहे, मग अख्खा बदला.

---

रंकाळा_वेस

ॲसिडबद्दल. तुमच्याकडं दोन वेगळ्या फरश्या आहेत आणि त्यांची औषधं वेगळी आहेत.

शहाबादी हा चुनखडीचा दगड. त्याला कुठलंच ॲसिड चालत नाही. बाटलीतलं नाही, लिंबू नाही, व्हिनेगर नाही, बायोएन्झाइमसुद्धा नाही, कारण तेही आंबटच. थेंब टाकून बघा, बारीक बुडबुडे येतात, तो दगडच विरघळत असतो. वरचा गुळगुळीत थर गेला की फरशी खरखरीत होते, त्या बारीक खळग्यांत शेवाळ आणि साबण आणखी घट्ट धरतात, मग पुढच्या आठवड्याला आणखी ॲसिड. हे चक्र ॲसिड बंद केल्यावरच थांबतं. तिथं ५ लिटर गरम पाण्यात दोन मोठे चमचे धुण्याचा सोडा घाला, १० मिनिटं फरशीवर राहू द्या, काथ्यानं किंवा कडक ब्रशनं घासा, धुऊन टाका. हातात मोजे घाला, सोड्यानं कातडी कोरडी पडते. हे पाणी केळीच्या वाटेनं जाऊ देऊ नका, त्या दिवशी वॉल्व्ह ड्रेनेजकडं फिरवा. सोड्यातही सोडियमच आहे.

वरच्या सिरॅमिक टाइल आणि कमोडला लिंबूसत्त्व. किराणा दुकानात सायट्रिक ॲसिड म्हणून मिळतं. १ लिटर कोमट पाण्यात ५० ग्रॅम. कमोडच्या पिवळ्या रेषेवर रात्री ओतून ठेवा. नळांवरच्या क्षाराला फडका भिजवून अर्धा तास गुंडाळा, त्याहून जास्त नको, क्रोम मंद होतं. टाइलच्या सांध्यांतलं सिमेंट मात्र यानंही थोडं खाल्लं जातं, म्हणून आधी सांधे साध्या पाण्यानं भिजवा आणि लावून सोडून जाऊ नका. बाटलीतल्या हायड्रोक्लोरिकनं तर सांधे दोन-तीन वर्षांत पोकळ होतात आणि खालच्या छताला ओल येते. ज्याला आपण स्लॅब गळतोय म्हणतो, ते पुष्कळदा सांध्यांतून झिरपलेलं पाणी असतं.

खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर एकत्र करून फेस काढणारे व्हिडिओ फिरतात. एक आम्ल, एक अल्कली, दोन्ही एकमेकांना मारतात आणि खारट पाणी उरतं. आणि ॲसिडवर ब्लीचिंग पावडर कधीही नाही. क्लोरीन वायू सुटतो, बंद बाथरूममध्ये जीवावर बेततं.

रोजच्या पुसण्याला बायोएन्झाइम छान, सिरॅमिकवर. १०० ग्रॅम गूळ, ३०० ग्रॅम लिंबू-मोसंबीच्या साली, १ लिटर पाणी. बाटली प्लॅस्टिकची, पाचवा हिस्सा रिकामी. पहिला महिनाभर रोज झाकण सैल करून वायू सोडा, नाहीतर बाटली फुटते. तीन महिन्यांनी गाळा. १ भागाला १० भाग पाणी. जंतुनाशक समजून वापरू नका, ती ताकद त्यात नाही.

आता ड्रेनेजचं. जयंती नाल्याचं सांडपाणी उपसून कसबा बावड्याच्या ७६ एमएलडीच्या (दिवसाला ७६ दशलक्ष लिटर) सांडपाणी प्रक्रिया केंद्राकडं नेतात. पावसात नाला फुगला की प्रक्रिया न झालेलं पाणी थेट पंचगंगेत उतरतं. नदीत आणि रंकाळा तलावात केंदाळ (जलपर्णी) माजतं ते सांडपाण्यातल्या नत्र-स्फुरदावर. खाली इचलकरंजीला २०१२ मध्ये काविळीची जी साथ आली, तिला दूषित पाणीच कारण होतं. एका घराचं ॲसिड लाईनीतच विरतं, ते नदी मारत नाही. पण ओले वाइप्स, सॅनिटरी पॅड, प्लॅस्टिकच्या काडीचे इअरबड भांड्यात टाकले की विरघळत नाहीत. चेंबर तुंबतं, मैला उफाळून नाल्यात जातो. बाथरूममध्ये झाकणाचा छोटा डबा ठेवा, पॅड कागदात गुंडाळून वेगळं द्या.

अंग घासायला प्लॅस्टिकच्या जाळीऐवजी परसात एक घोसाळ्याचा वेल लावा. दोन-चार फळं वेलावरच पूर्ण वाळू द्यायची. हलवल्यावर आत बिया वाजल्या की काढा, साल सोलून बिया झटका. ओल्या बाथरूममध्ये टांगून ठेवला तर काळा पडतो, रोज उन्हात टाकला तर दोन महिने जातो. बिया पुढच्या जूनला लावायला ठेवा.